पंधरा मिनिटांची सतरंजी

संपादकांनी माझ्याकडे यादी मागितली आहे. आईबापांनी मुलांसाठी घ्याव्यात अशा वस्तू आणि पुस्तकं, स्वतःच्या अनुभवातून. लातूरला बत्तीस वर्षं लेकरांच्या खेळण्यांचं आणि पुस्तकांचं दुकान चालवलेल्या बाईकडून दुसरं काय मागणार? आता दुकान नाही. आधी गुडघे गेले, मग दुकान गेलं, आणि मी मुलाकडे नांदेडला राहायला आले. तो रेल्वेच्या ऑफिसात आहे. इथेही शेजारणी दार वाजवतात. "अक्का, नातवाचा वाढदिवस आहे, काय घेऊ?" उदगीरला माहेरी मी अक्का, लातूरला अख्ख्या बाजाराची अक्का, आणि आता या अपार्टमेंटचीही अक्काच. खरं सांगते, या प्रश्नाचा मला कंटाळा आला आहे. कंटाळ्याचं कारण पुढे येईलच.

आधी यादीचं बघू, म्हणजे संपादक रागावणार नाहीत. खेळणं घेताना पहिल्यांदा नाकाला लावा. रंगाचा वास तुमच्या डोक्यात गेला, तर तो रंग लेकराच्या पोटात जाणार. कडेवरून अंगठा फिरवा. बाहुलीचे डोळे नखाने ओढून पाहा. तुमच्या नखाने निघाले तर लेकराच्या दाताने निघतीलच. बटण दाबलं की नाचणारी, ओरडणारी वस्तू दिवाळीला घेतली तर तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत नाही, आणि टिकलीच तर घरातले तिच्या मरणाची वाट बघत बसतात. चेंडू, लाकडी ठोकळे, कापडाची बाहुली, पाटी आणि रंगीत खडू एवढ्यावर कोणतंही लेकरू सहा वर्षांचं होऊ शकतं.

पुस्तकाचं वेगळं. मधोमध उघडून ते पालथं करा, पानं सुटली नाहीत तर पुढचं बघा. पिना असतील तर त्यांची टोकं आत वळली आहेत ना, ते बोटाने तपासा. मग दुसरं पान मोठ्याने वाचा. पहिलं पान सगळेच छान लिहितात. दुसऱ्या पानाला जीभ अडखळली तर ठेवून द्या, कारण दिवसभर राबलेल्या बाईला तेच पुस्तक महिनाभर रोज वाचून दाखवायचं असतं. आणि शेवटच्या पानावर जाड अक्षरात उपदेश असेल तर तेच पान लेकरं आधी फाडतात, असा माझा अनुभव आहे.

झाली यादी. एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुकान माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं. कपाळाला विभूती लावून, लिंगपूजा आटोपून बरोबर नऊला गादीवर बसणारे. माझे यजमान माल आणायला हैदराबाद-सोलापूर फिरायचे, त्यामुळे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काउंटरवर मी आले. मामंजींनी मला धंद्याचं एकच सूत्र शिकवलं. "सूनबाई, वस्तूसंगं लेकरू खेळतंय, पर गिऱ्हाईक त्याचा बाप हाय. बापाला आजचं खेळणं इकायचं न्हाई. उद्याचं लेकरू इकायचं."

आमच्या दुकानात याला 'शब्द टाकणं' म्हणत. लेकराने स्क्रूचं खेळणं उघडलं की, "इंजिनियर होणार बघा." ठोकळे ओळीत लावले की, "कलेक्टर हाय ह्यो." फारच भांडलं तर, "वकिलाचं डोकं दिसतंय." शब्द पडला की बापाचा हात आपोआप खिशाकडे जायचा. कोणत्याही लेकराला कधी कुणी शिंपी, आचारी किंवा कंडक्टर होणार असं म्हटलं नाही. एकदा मी नवखी असताना एका पोराला कौतुकाने म्हणाले, "किती छान नकला करतो, मोठेपणी स्टेज गाजवणार." बापाने हातातली मोटार खाली ठेवली, पोराला बखोटीला धरलं आणि निघून गेला. मामंजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मला मात्र ही फेकाफेक जिवावर यायची. म्हणून मी माझी एक पद्धत सुरू केली. दुकानात काउंटरच्या पुढे निळ्या-लाल पट्ट्यांची एक सतरंजी घातली. लेकराला तिच्यावर बसवायचं, समोर पाच-सहा वस्तू ठेवायच्या आणि पंधरा मिनिटं त्याला त्याचं खेळू द्यायचं. आईबापांना स्टूल. अट एकच, या पंधरा मिनिटांत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. ना "हे घे", ना "ते नको", ना "मामींना कविता म्हणून दाखव". मीही बोलायचं नाही. लेकरू पहिली पाच मिनिटं आईबापांना दाखवायला खेळतं, पुढची पाच चकाकणाऱ्या वस्तूंशी खेळतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत स्वतःच्या मनाचं काहीतरी काढतं. ते बघून मी सांगायची, याला हे द्या, हिला ते द्या. लोक हसायचे, पण यायचे. माझ्या पद्धतीचा मला गर्व होता. आजही थोडा आहे, तो लपवत नाही.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक निजले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात आमच्या फळ्यांवरचं सामान खाली आलं. ते नुकसान सांगायची लाज वाटावी, असं तिकडे औसा-निलंग्याच्या पट्ट्यात घडलं होतं. पुढे मदतीचे ट्रक यायला लागले तेव्हा त्यातली खेळणी आणि पुस्तकं निवडायला मला बोलावलं. पोत्यांमध्ये काय काय होतं! सेलवर चालणाऱ्या मोटारी, सेल नसलेल्या. लोकरीचे कोट घातलेली अस्वलं. अर्धी भरलेली चित्रांची पुस्तकं, आत दुसऱ्याच्या लेकराचं नाव. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं, पण आपल्या घरात नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या दुःखाला चालते, असं माणसाला का वाटतं, हे मला त्या पोत्यांपाशी बसून कळलं नाही. चेंडू आणि पाट्या बाजूला काढल्या, बाकीचं परत बांधलं.

दिवाळी उलटल्यावर एके दुपारी एक माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. पांढरा शर्ट, पायजमा, हाताला धरलेली सात वर्षांची मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. बायको आणि धाकटा मुलगा दोघेही घराखाली गेले होते. हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांना घेऊन आलेल्या आमच्या ओळखीच्या बाईंनी पायरीवरच मला हळूच सांगितलं, आणि त्या गेल्या. गुरुजी आत येऊन म्हणाले, "अक्का, हिला कायतरी द्या. बोलंना झालीय. पत्र्याच्या शेडमंदी नुसती बसून ऱ्हाती."

मी सतरंजी झटकली. मुलगी बसली. तिचं नाव महानंदा, गुरुजी नंदा म्हणायचे. मी समोर ठोकळे, भातुकली, चित्रांचं पुस्तक, चेंडू आणि एक कापडी बाहुली ठेवली. तिने बाहुली घेतली. मग इकडे-तिकडे बघितलं आणि काउंटरवर भेटवस्तू बांधायची लाल फीत होती, तिचा लोंबणारा तुकडा ओढून घेतला. मी कापून दिला.

तिने ती फीत बाहुलीच्या दंडाला गुंडाळली. नखाने एका जागी धरली, सोडली. मग कमरेला गुंडाळली, परत नखाने धरली, सोडली. मग खांद्यापासून खाली. तोंडाने काही नाही. गुरुजी स्टुलावर बसून बघत होते, मग त्यांनी मान खाली घातली. दुकानात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. घड्याळात पाच मिनिटंही झाली नव्हती. ती शांतता मला सोसवेना. समोर बायको-मुलगा गेलेला माणूस, त्याची मुकी झालेली लेक, आणि मी नुसती उभी. माझीच अट मी मोडली.

म्हणाले, "गुरुजी, बघा, पट्टी बांधतीय बाहुलीला. डॉक्टर होणार तुमची लेक."

दया आली म्हणून बोलले की सवयीने, ते मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. पण गुरुजींचा चेहरा मात्र मी विसरले नाही. माणूस मान वर करून बघायला लागला. "व्हईल का हो?" त्यांनी विचारलं. "होईल म्हणजे? माझा शब्द घ्या," मी म्हणाले. त्यांनी वरच्या फळीवरचा प्लास्टिकचा डॉक्टर सेट मागितला. नंदाने तो दोन्ही हातांनी घेतला. जाण्याआधी तिने ती फीत चार बोटांवर गुंडाळून, छोटीशी घडी करून काउंटरवर ठेवली. किती व्यवस्थित पोरगी, एवढंच माझ्या मनात आलं.

मधली वर्षं भरभर सांगते, कारण ती तशीच गेली. लातूरचं नाव निकालात गाजायला लागलं. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन आली. घराघरांत खोल्या निघाल्या, मेस निघाल्या, गल्लीत सायकलींमधून वाट काढावी लागायची. आमच्या दुकानात गोष्टींच्या पुस्तकांशेजारी आधी एक फळी प्रश्नसंचांची आली, मग एक भिंत, मग दोन. सतरंजीची जागा नव्या रॅकने घेतली. ती गुंडाळून मी शटरच्या मागे उभी करून ठेवली. पाचवीतल्या पोराचे बाप येऊन म्हणायचे, "अक्का, गोष्टीचं नको, ज्यात गोष्ट न्हाई असं द्या." असं पुस्तक बाजारात भरपूर होतं. मी दिलं. घर त्यावरच चाललं, तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाही. पण बारा तास पुस्तकं विकून संध्याकाळी एकाही पुस्तकाचं नाव सांगावंसं वाटू नये, हा थकवा वेगळा असतो. तो झोपेने जात नाही.

गुरुजींनी बदली मागून घेतली आणि नंदाला घेऊन लातूरलाच खोली केली. दर जूनमध्ये दोघं दुकानात यायचे. नंदा बोलायला लागली होती, अभ्यास बरा होता, आणि गुरुजी मला देवासारखं वागवायचे, तेच मला नको व्हायचं. दुकानातल्या कोणत्याही अनोळखी बापाला धरून सांगायचे, "ह्या अक्कानी माझी लेक सात वर्साची असतानाच वळखलं होतं. डॉक्टर होणार म्हणून. लई नजर हाय अक्काची." तो बाप माझ्याकडे आपलं पोरगं सरकवायचा. मी हसून वेळ मारून न्यायची. नंदा तेव्हा बुटांकडे बघत उभी असायची.

बारावीला तिला चांगले मार्क पडले, पण मेडिकलला पुरले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा थोडक्यात हुकलं. तिसऱ्या वर्षी थोडक्यातही नाही, चांगलंच हुकलं. गुरुजी म्हणाले, "काय न्हाई, आजून एक वरीस. अक्काचा शब्द हाय." चौथ्या खेपेच्या क्लासचा फॉर्म सोमवारी भरायचा होता.

त्याआधीच्या बुधवारी नंदा एकटीच आली. भर दुपारी, रस्त्यावर माणूस नव्हतं. वीस वर्षांची पोरगी, पण डोळ्यांखाली चाळिशी. नवे प्रश्नसंच बघते आहे असं दाखवत तिने दोन-चार पुस्तकं उघडली आणि मिटली. मग म्हणाली, "अक्का, एक इचारू? राग मानू नका."

"विचार की."

"तुम्ही कशावरून सांगितलं होतं अप्पांना? म्हणजे माझ्यात काय दिसलं तुम्हाला? मी लई शोधलं अक्का, मला काहीच सापडंना. तुम्हाला दिसलं ते मला सांगा, म्हणजे या वर्षी तेवढं तरी धरून बसते."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "अगं, तू बाहुलीला पट्टी बांधत होतीस ना. लाल फितीची. दंडाला, कमरेला. किती मन लावून."

"पट्टी?" तिने विचारलं.

"हो. म्हणून तर."

"पट्टी न्हाई अक्का," नंदा म्हणाली. "माप घेत होते मी. माय घ्यायची तसं. गावातल्या बायकांचे झंपर शिवायची ती. मी टेप धरायची, ती नखानं खूण करायची. बाहुलीला झंपर शिवावं म्हणून माप घेत होते." आणि हातातला प्रश्नसंच जागेवर ठेवत, "मग तुम्ही डॉक्टर सेट दिलात."

बांधलेली पट्टी कुणी सोडतं का? ती गुंडाळायची आणि सोडायची, नखाने जागा धरायची, शेवटी चार बोटांवर घडी घालायची. शिंप्याच्या दुकानात हे मी शंभरदा बघितलेलं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि नजरेची म्हणून नावाजलेल्या अक्काने ते बघितलं नव्हतं. आणखी दहा मिनिटं तोंड मिटून उभी राहिले असते तर त्या पोरीने चिंधी मागितली असती, कात्री मागितली असती, आणि सगळं कळलं असतं.

"मी सांगते अप्पांना," मी म्हणाले.

"नका सांगू," नंदा घाईने म्हणाली. "त्यांचं त्याच्यावरच चाललंय. माय आणि बाळू गेल्यावर तुमचा तो शब्दच त्यांनी धरलाय. तो काढला तर काय ऱ्हाईल त्यांच्याकडं? मी भरते फॉर्म. तुम्ही फक्त कुणाला बोलू नका."

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. बोलावं तर बापाच्या आयुष्याचा एकुलता टेकू मी काढून घेणार. न बोलावं तर पोरीचं चौथं वर्ष माझ्या एका वाक्यावर जाणार, आणि चौथ्यावर थांबेल याची खात्री काय? मामंजी असते तर म्हणाले असते, इकलेला माल परत घ्यायचा नसतो. पण मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि वाक्य माझं होतं.

शनिवारी सकाळी गुरुजी नवे संच घ्यायला आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. नंदाचं नाव लपवता आलं नाही, त्याची माफी मी तिच्याकडे नंतर मागितली. म्हणाले, "गुरुजी, मला काही कळत नाही कोण काय होणार ते. आम्ही सगळ्यांनाच तसं म्हणत होतो. धंद्याचं बोलणं ते. त्या दिवशी मला तुमच्याकडे बघवेना म्हणून मी बोलले. ती पट्टी बांधत नव्हती. माप घेत होती. माझं चुकलं."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते शटरच्या मागे उभ्या केलेल्या गुंडाळलेल्या सतरंजीकडे बघत होते.

"मला म्हाईत हाय," गुरुजी म्हणाले.

"नंदा बोलली का तुमच्याशी?"

"न्हाई. त्याच दिशी कळालं होतं मला. फीत दंडाला लावली तवाच. तिची माय अशीच नखानं धरायची." त्यांनी पाण्याचा पेला हातातल्या हातात फिरवला. "मला बघवंना, अक्का. तिची माय बसल्यागत दिसाय लागली. वाटलं, कुणीतरी थांबवावं हिला. मला थांबवता येत नव्हतं. तेवढ्यात तुम्ही डॉक्टर म्हणलाव. इतकं बरं वाटलं. फीत सुटली तिच्या हातातनं."

मी संच बाजूला सारले.

"ढिगाऱ्यात मशीन न्हाई सापडली," ते म्हणाले. "टेप सापडली होती. ट्रंकेत खाली हाय, कपड्यात गुंडाळून. तिला कधी दावली न्हाई. घरात सुई-दोरासुदिक ठिवला न्हाई मी. शर्टाचं बटण तुटलं तर शिंप्याकडं नेतो."

ते उठले. संच काउंटरवरच राहिले. पायरीवर क्षणभर थांबले, मागे न बघता म्हणाले, "तुमची एकटीची चूक न्हाई," आणि निघून गेले.

ते ऐकून मला आधी हायसं वाटलं. कबूल करते. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कारण चूक दोघांची असली तरी वर्षं एकटीची गेली होती. दोन मोठी माणसं एका लेकराचं दुःख बघायला पंधरा मिनिटं थांबू शकली नाहीत, म्हणून त्या लेकराने तेरा वर्षं आमच्यासाठी डॉक्टर व्हायचा प्रयत्न केला. नंदाच्या मनात काय होतं ते आम्हाला विचारताच आलं असतं. ती बोलत नव्हती, पण दाखवत होती.

सोमवार गेला. आठ दिवसांनी नंदा आली, नुसती सांगायला. फॉर्म भरला नव्हता. गुरुजी घरी एक शब्द बोलले नव्हते. रविवारी जेवायला बसताना त्यांनी ट्रंक उघडली आणि टेप तिच्या ताटाशेजारी ठेवली. मग दोघं जेवले. "अप्पांनी भाजी दोनदा घेतली," नंदा म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. एक गिऱ्हाईक आत आलं आणि आमच्याकडे बघून परत गेलं.

यातून काही गोड शेवट झाला असं वाचकांनी समजू नये. लोकांनी गुरुजींना खूप ऐकवलं, एवढं शिकवून पोरगी शिवणावर बसवली म्हणून. नंदालाही सुरुवातीला जड गेलं. विशीत शिकायला लागलेल्या हाताला सातव्या वर्षाची सफाई येत नाही, हे तिनेच मला सांगितलं. आता तिचं औशाला दुकान आहे. बायकांचे झंपर, लेकरांचे फ्रॉक. दुकान बंद केलं तेव्हा माझी सतरंजी तिने मागून नेली. आया माप देतात तोवर लेकरं तिच्यावर बसतात.

गेल्या उन्हाळ्यात सुनेला आणि चार वर्षांच्या नातीला घेऊन मी तिच्याकडे गेले होते. गुरुजी बाहेर खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. आता काजं-बटणं तेच करतात. नंदा सुनेचं माप घेत होती, आईच्याच टेपने. ती टेप इतक्या वर्षांत ताणली गेली आहे, अर्धा इंच कमी दाखवते. "मला म्हाईत हाय किती कमी दाखवती ते," नंदा म्हणाली, "मी मनात तेवढं धरते." माझं बोलणंही कुणीतरी असंच कमी-जास्त करून घ्यायला हवं होतं, असं वाटून गेलं.

नात सतरंजीवर बसून चिंध्यांशी खेळत होती. तिने निळी चिंधी खाली ठेवली, तिच्यावर पिवळी, मग पिवळी उचलून निळीच्या खाली सारली. पुन्हा पुन्हा. सून कौतुकाने म्हणाली, "आई, तुम्हाला बरोबर कळतं म्हणतात सगळे. सांगा ना, काय होणार ही?"

बत्तीस वर्षांच्या सवयीने माझं तोंड उघडलं. नंदाच्या ओठांत टाचण्या होत्या. ती थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर गुरुजींच्या पेपरची सळसळ बंद झाली.

"थांब गं," मी सुनेला म्हणाले. "आत्ताच बसलीय ती." आणि स्टूल ओढून गप्प बसले.